आरशाखालचा गणराज

सुभद्राबाई : सर, तुमच्या गाडीत कांदा ऐसपैस बसत असंल, माणसाला जागा न्हाई. हा गिअरचा दांडा सारखा लेकराच्या गुडघ्याला लागतोय. आज खेळायचंय तिला.

गोरक्ष : दाराकडं सरका थोडं, ताई. बाकीच्या पोरी सातच्या बसनं चिंचवडला पोचल्याबी. तुमची आरोहीच उठंना, म्हणून तर हा पिकअप काढला.

सुभद्राबाई : चार हाका मारल्या. शेवटी तोंडावर पाणी मारलं तेव्हा डोळे उघडले. जिल्ह्याची फायनल, आणि महाराणीला झोप!

गोरक्ष : दमलीय. मोशी झालं, आळंदी झालं, परवा सेमीफायनल. सगळ्या सामन्यांत चढाया हिच्याच. किशोरी गटात अशी पोरगी न्हाई दुसरी.

आरोही : आई, काचेला ओढणी लाव ना. ऊन टोचतंय.

सुभद्राबाई : ऊन कुठंय? धुक्यात पुढचा ट्रक दिसंना.

आरोही : टोचतंय पण.

सुभद्राबाई : घे, डोळ्यावर घे. पण झोपू नको. आणि सर, गाडी रिकामी आहे, मग पुढं काचेपाशी हा एकच कांदा काहून ठेवलाय?

गोरक्ष : असावा जवळ.

सुभद्राबाई : भाकरी तरी आणायची मग सोबत.

आरोही : सर, आरशाखाली हा फोटो कुणाचा आहे?

गोरक्ष : चेष्टा करती व्हय माझी?

सुभद्राबाई : अगं, गणराज. सरांचा धाकटा भाऊ. सरावाला उतरायच्या आधी मैदानावरच्या त्याच्या फोटोला रोज तूच तर हार घालतीस.

आरोही : हो. गणराजदादा. छान हसतोय.

सुभद्राबाई : झोपेत गेला म्हणे बिचारा. एकोणीस वर्षांचं पोरगं.

गोरक्ष : चौक बगा कसा तुंबलाय. कंपनीच्या बसा एकीकडनं, मार्केटचे ट्रक एकीकडनं. दहाला नाव पुकारत्यात, आन आपून हितंच.

सुभद्राबाई : सर, काल हिला दोनदा उलटी झाली. परवा जिंकल्यावर तुम्ही भेळ दिली ना, त्याचंच असंल.

गोरक्ष : असंल.

सुभद्राबाई : बाकीच्या पोरींना झाली?

गोरक्ष : न्हाई. म्हणजे... मी इचारलं न्हाई.

सुभद्राबाई : परवा माझी दुसरी शिफ्ट होती, मला येता आलं नाही. हिच्या संघातल्या हर्षालीला विचारलं तर ती म्हणली, सरांना विचारा. म्हणून विचारते. पडली होती का ही?

गोरक्ष : कबड्डीत पडत्यातच की, ताई. तिघींनी मिळून पकड केली, जरा आपटली. उठली लगीच.

सुभद्राबाई : लगीच?

गोरक्ष : कांदा फोडून नाकाला लावला. उठली. पुढच्याच चढाईत दोन गुण घेऊन आली! टाळ्या काय पडल्या!

आरोही : मला त्या टाळ्या आठवत नाहीत, सर.

गोरक्ष : खेळात एवढी रमली होतीस, ऐकू कशा येतील?

आरोही : हर्षाली म्हणते, गुण घेतल्यावर मी त्यांच्याच अंगणात उभी राहिले. आपली बाजू कुठली तेच कळेना मला. सगळ्या ओरडल्या, तेव्हा रेषेकडे पळाले.

सुभद्राबाई : हे मला कुणी सांगितलं नाही.

गोरक्ष : ताई, आज निवड समिती येणार हाय. आजचा सामना झाला की पोरगी राज्याच्या संघात. मंग हॉस्टेल, शिक्षण, सगळं. पुढच्या वर्षी हिचं वय बसत न्हाई ह्या गटात.

सुभद्राबाई : मला नका सांगू. बारा वर्षं झाली खोक्यात पार्ट भरतेय. त्या लाइनवर हिनं उभं राहू नये, एवढंच मागते देवाकडं. म्हणून तर सकाळी तोंडावर पाणी मारलं आणि गप बसले. आई असून विचारलं नाही, बाई, डोकं दुखतंय का म्हणून.

आरोही : दुखतंय. पण खेळीन मी. आज कुणाशी आहे?

गोरक्ष : निगडी. पहिली चढाई तुझी. उजव्या कोपऱ्यावर जायचं. काय सांगितलं?

आरोही : उजव्या कोपऱ्यावर.

गोरक्ष : शाब्बास. बगा ताई, ठणठणीत हाय. उगं मनात काय आणू नका.

आरोही : सर.

गोरक्ष : बोल.

आरोही : आरशाखाली हा फोटो कुणाचा आहे?

सुभद्राबाई : ...सर.

गोरक्ष : ऐकलं.

सुभद्राबाई : आत्ताच विचारलं होतं तिनं. पाच मिनिटं नाही झाली.

गोरक्ष : ऐकलं, ताई. तिला झोपू देऊ नका. बोलत ऱ्हावा तिच्याशी. मागं मोठा दवाखाना गेला, डोक्याचं मशीन हाय तिथं. वळवतो.

आरोही : सर, फायनल?

गोरक्ष : हर्षाली करंल चढाया. तू बस गप.

सुभद्राबाई : उलट्या बाजूनं घालताय! ट्रक येतोय समोरनं!

गोरक्ष : थांबंल तो. तो कांदा टाका आदी भायेर.

सुभद्राबाई : टाकला. सर, एक विचारू? गणराज झोपेतच गेला ना?

गोरक्ष : झोपेतच गेला. त्याच्या आदी सामन्यात डोक्यावर पडला व्हता. त्यालाबी मीच कांदा हुंगवला, ताई. आन परत खेळायला धाडला.