साळू नावाची वाघाटी

—नाय साहेब, साधं मांजर नाय ते, वाघाटीच हाय. अंगावर ठिपके दिसतेत ना, गंज चढल्यासारखे? आमच्या पिशोरला बारकी पोरंबी वळखतेत. वनखात्याला फोन मीच केला. मालकाला वाटंल शेजाऱ्यानं केला — वाटू द्या. ते वाळूजला कंपनीत गेलेत, सात वाजल्याशिवाय मुकुंदवाडीत पाय ठेवत नाय. पलंगाखाली बसलीय बघा. चार दिवस झाले, तोंडात कायबी घेत नाय. खिडकीच्या जाळीला नखं मारून मारून पंजे रक्तानं भरलेत. मला बघवंना.

घावली कुठं? पिशोरला, माहेरी, गेल्या हंगामात ऊस तोडताना. माझा भाऊ कचरू, त्याच्या फडात. तवा मूठभर पिल्लू व्हतं. आई टाकून गेली व्हती — म्हंजे, आली व्हती ती संध्याकाळी, बांधावर वरडत व्हती. कचरू म्हणला, आक्का, ठिव तिथंच, नेईल ती. मी पिशवीत घातलं अन् बस धरली. का म्हंजे... दिवसभर घरात कोण असतं? चार भिंती अन् मी.

नाव? साळू. मीच ठिवलं. कशावरून — आता कशावरून काय सांगू... साळूबाई माझं नाव. माहेरचं. लग्नात ताटात तांदूळ पसरले, मालकानं अंगठीनं 'सत्यभामा' लिहिलं, संपलं. एकतीस वर्षं झाली. आई व्हती तवर ती तरी म्हणायची. मालकाला तर आठवलंबी नाय — नाव ऐकून म्हणले, ब्येस हाय! मला नुसतं 'अगं'. पण सांजच्याला आले की जिन्यातूनच, 'साळू, जेवली का गं? साळू, ये की' — इतक्या मायेनं! मी सैपाकघरात लाटणं हातात धरून उभीच. लई ग्वाड लागायचं, खोटं कशाला बोलू? एवढ्या एका हाकेपायी दुसऱ्याच्या लेकराला आईपासून तोडलं मी.

काढा आता तिला, ते यायच्या आत. मी? मी कधीच बोलवलं नाय तिला — आपलंच नाव आपण कसं घ्यावं? तुम्हीच मारा हाक. नावानं येती. असं दरडावून नाय वो साहेब, जरा मायेनं—

ओ!

...नाय, काय नाय. निघाली बघा, धरा. न्या. अन् जाताना दार ओढून घ्या.