ठिपकीची वाट

नसरापूर फाट्यावर आम्ही वेल्ह्याच्या एसटीची वाट बघत होतो. बाकावर एक म्हातारबाबा मांडीवर रिकामं पोतं घेऊन बसले होते. शेजारच्या बाईनं त्यांना विचारलं,

"काय इकून आलात, बाबा?"

"इकतोय कशाला? मांजर नेलं व्हतं पुण्याला. नातीनं मांजरांच्या शोमदी नाव घातलं व्हतं."

"अगं बया! मग कुठाय?"

"पळालं. तिथं समदी केसाळ मांजरं गादीवर बसल्याली. म्या पोत्याचं तोंड सोडलं, तशी आमची ठिपकी बिथरली अन् भिंतीवरनं गेली. दोन दिस हाका मारत हिंडलो."

"येईल वो. मांजराला घर बराबर घावतं. आमचा बोका भोरवरनं चालत आला व्हता."

"त्याला कशातनं नेलं व्हतं?"

"टेम्पोत. मोकळाच व्हता."

"म्हंजी जाताना त्याला वाट दिसली व्हती."

"अन् तुमी पोत्यातनं नेलं?"

"नात म्हणली व्हती, जाळीची पेटी आणा. म्या म्हणलं, पेटी कशाला? आजवर पाच-सा मांजरं लांब सोडून आलो, समदी पोत्यातनंच नेली."

"त्यास्नी वाट दिसू नये म्हणून नेत्यात तसं."

"व्हय. हात सवयीनं पोत्याकडंच गेला."

"घरी कळवलंत?"

"म्हातारीला फोन केला. तिनं येवढंच इचारलं, जाळीच्या पेटीतनं नेली व्हती न्हवं?"

"मग?"

"व्हय म्हणलं. तवाधरनं दार उघडं ठिवून बसलीया."