डॉन वॉशिंग्टनसाठी राखलेलं ताट

उठू नका, उठू नका म्हणते ना! मघाशी उठलात आणि थेट माझ्या मागावर कोसळलात, तीन दिवसांचं विणकाम तुमच्या कोपराखाली गेलं— जाऊ दे, विणीन परत, दुसरं काय काम आहे मला. पडा तुम्ही. घोंगडी घ्या अंगावर. आणि हे प्या, गुळाचं गरम पाणी आहे, लिंबू पिळलंय, वर दोन पानं टाकलीत— कसली ते विचारू नका, वास छान येतोय ना, मग झालं तर. उंचीचा त्रास आहे हा, रोग नव्हे. परवापर्यंत आठ दिवस समुद्रात बोटीवर लोळत होतात, आज एकदम ढगात आणून ठेवलं तुम्हाला, डोकं गरगरणार नाही तर काय होणार? आम्ही बाजारातून कोंबडी आणली तरी दोन दिवस दारात बांधून ठेवतो, मग सोडतो. तुमच्या सहलीच्या कंपनीला तेवढीही अक्कल नाही. बाकीचे सगळे गेले चिंबोराझोचा बर्फ बघायला, तुम्हाला टाकून गेले माझ्याकडे, बरंच झालं की हो ग्लेनसाहेब. दुरून डोंगर साजरे. जवळ गेलं की नुसता वारा आणि दगड. येतील दोनपर्यंत.

भाषा बरी येते हो तुम्हाला. शाळेत शिकवायचात? तरीच. पुस्तक समोर धरल्यासारखं बोलता. लाजू नका, माझीही उसनीच आहे ती, मी घरात किचुआ बोलते, ही स्पॅनिश बाजारापुरती. आणि तुमच्यासारख्यांपुरती. तुमच्या त्या कागदावर काय छापलंय आमच्याबद्दल? वाचा ना. ‘काळाचा स्पर्श न झालेलं गाव’? अगं बाई! काळाला सांगायला हवं, मिक्सर परत घेऊन जा म्हणून. तो बघा, पोत्याखाली झाकलाय. बस आली की मिक्सर पोत्याखाली आणि पाटा अंगणात, असा हुकूम आहे डॉन वॉशिंग्टनचा. डॉन म्हणजे आमचं ‘साहेब’, आणि वॉशिंग्टन म्हणजे तुमच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसतो तो, जाड मानेचा, कंपनीचा मॅनेजर. बोट त्याच्याच हाताखाली, बस त्याच्याच हाताखाली, आणि माझा पाटाही त्याच्याच हाताखाली. मागच्या खेपेला मी पाट्यावर दोन तास मका वाटत बसले, तुमच्यातल्या एकाला नीट फोटो मिळेना म्हणून. अहो, तो मका नव्हताच, भुसा होता. मका महाग झालाय.

तो फोटो परत दाखवा ना. नाही, पक्ष्याचा नको. कासवाचाही नको— किती कासवं काढलीत हो तुम्ही, एकाच कासवाचे सतरा फोटो, ते हललंय का मधे? पुढे सरका. हां, हा. बोटीवरच्या शेवटच्या रात्रीचा. सगळे नोकर ओळीत उभे, पांढरे डगले, टाळ्या वाजवतायत. डावीकडून तिसरी. जरा मोठं करा. केस कापलेत मेलीनं. बारीक झालीय, नाही? तुम्हाला कसं कळणार, तुम्ही आधी कुठे बघितलीय. ती नोर्मा. माझी मुलगी. तुमच्या चादरी बदलत असेल, आणि तुम्ही रोज तिला गुड मॉर्निंग म्हणत असाल. म्हणायचात ना? बरं केलंत.

पाच वर्षं झाली. येत का नाही म्हणजे? कशी येईल? तुम्ही बेटावर उतरलात तेव्हा तुमचे बूट धुतले, खिसे उलटे करून बघितले की नाही? बाहेरचं बी नको तिथल्या मातीत. माझी नोर्मा म्हणजे तसलंच बी आहे. देश तोच, झेंडा तोच, पण त्या बेटांवर राहायचं तर कागद लागतो, आणि कागद नसलेला माणूस सापडला की विमानात बसवून परत धाडतात. तुम्ही पैसे भरून आठ दिवसांत परत गेलात, तुमचं काही नाही. कासवाचंही काही नाही, त्याचे आजे-पणजे तिथलेच. मधे अडकली ती आमची पोर. म्हणून ती बोटीवरच राहते. तुम्ही सगळे उतरता, चालता, फोटो काढता, आणि ती कठड्याशी उभी राहून तुमचे ओले टॉवेल गोळा करते. पाच वर्षं बेटं बघतेय, दुरूनच. आणि इकडे आली तर पुन्हा तिकडे जाता येणार नाही, नोकरी गेली, सगळं मुसळ केरात. डॉन वॉशिंग्टन म्हणतो, पुढच्या महिन्यात देतो पक्का कागद. असले साठ पुढचे महिने झाले. नुसती तोंडाला पानं पुसतो!

आणि तिथे म्हणे प्राण्यापासून सहा फूट लांब उभं राहायचं, हात लावायचा नाही, जवळ गेलं की गाईड शिट्टी वाजवतो. खरं का? फार चांगला नियम आहे. इथे उतरलं की मात्र शिट्टी कोण वाजवणार? मागच्या महिन्यात एका बाईनं माझी टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली आणि माझा गालगुच्चा घेतला. मी पन्नाशीची बाई! नवऱ्यानं कधी घेतला नाही, देव त्याला सुखी ठेवो, जिथे असेल तिथे आणि जिच्याबरोबर असेल तिच्याबरोबर—

थांबा. ही टोपली इथे कशी? आणि हिच्यावरचं फडकं?

ग्लेनसाहेब, टोपलीत दोन कुई होते. अख्खे, भाजलेले. सकाळी चारला उठून शेगडीवर फिरवलेत मी. कुई म्हणजे उंदीर नव्हे हो, घाबरू नका— म्हणजे तुम्ही कोंबडी म्हणून खाल्लंत? गिनीपिग. चुलीखाली चूं चूं करत फिरतात ना, तेच. आता पोटावर हात फिरवून काय होणार, गेले ते. आणि बारा अंडी होती. पाच दिसतायत. सात अंडी, साहेब? आजारी माणूस तुम्ही! मी तासभर मेंढ्यांना चारा घालायला काय गेले—

जेवण पॅकेजमध्ये धरलेलं आहे? आहे ना. ‘गावकऱ्यांसोबत अस्सल भोजन’. अहो, ते अस्सल भोजन बसमधून येतं, हॉटेलातून, मोठ्या डब्यांत, तुमच्या पोटांना आमचं पाणी सोसत नाही म्हणून. मी ते मातीच्या भांड्यात ओतते फक्त. मग तुम्ही म्हणता, ‘वा, काय चव, काय साधेपणा!’ हे ते नव्हतं. हे डॉन वॉशिंग्टनसाठी राखलेलं ताट होतं. मेदियानो. आमच्यात कुणाकडे मोठं मागणं घेऊन जायचं तर रिकाम्या हाती जात नाहीत, भाजलेले कुई, अंडी, बटाटे, असं ताट घेऊन जातात. समोरच्यानं ते खाल्लं की संपलं, मग त्याला नाही म्हणता येत नाही. खाल्ल्या मिठाला जागावंच लागतं. मी त्याला नातीचा धर्मबाप व्हायला सांगणार होते. नोर्माची मुलगी, तामिया, सहा वर्षांची आहे, अजून बाप्तिस्मा झाला नाही. एकदा तो धर्मबाप झाला की माझा कोंपाद्रे झाला, सख्ख्या भावाच्या वरचं नातं. मग धर्मकन्येच्या आईला कागद देत नाही म्हणजे काय? गावात तोंड दाखवता येणार नाही त्याला. इथून त्याची बस जाऊ देणार नाहीत.

आणि ते ताट तुम्ही खाल्लंत. आता तुम्हीच माझे कोंपाद्रे. या, मिठी मारा! काय करता तुम्ही, रिटायर मास्तर? बागेत टोमॅटो लावता? झालं तर मग. नोर्माला टोमॅटो पाठवा. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, त्यात हे एक अमेरिकेहून आलं!

नाही नाही, रडू नका हो, हसतेय मी. बघा, हसतेय. खरं सांगू? मला राग यायला हवा ना. येत नाहीये. मघाशी रिकामी टोपली बघितली आणि पहिलं काय मनात आलं सांगू, सुटले बाई! असं आलं. कागद मिळाला की नोर्मा पोरीला नेणार तिकडे. तेच ठरलंय, तिनंच फोनवर सांगितलंय, ‘आई, कागद झाला की तामियाला विमानात बसव.’ आई आहे ती, तिचीच पोर आहे. पण पोर एक वर्षाची होती तेव्हापासून माझ्या कुशीत झोपते. मला आई म्हणते. ते चुकीचं आहे म्हणून मी सांगते, दर वेळी सांगते— दर वेळी नाही. कधी कधी. फार क्वचित सांगते.

हे बघा, तिनं काढलेलं चित्र, भिंतीवर लावलंय. ही मी, टोपीवाली. हा कुत्रा. आणि ही तिची आई. निळे पाय का? अहो, तिची आई तिला कायम त्या निळ्या पायांच्या पक्ष्यांच्या फोटोंमध्येच सापडते ना, मागे कुठेतरी, ट्रे घेऊन उभी. तिला वाटतं तिकडे गेलं की पाय निळे होतात. मी तेही दुरुस्त केलेलं नाही.

फडकं? फडकं मीच काढलं. बघू नका असे. आत वाफ धरली असती म्हणून काढलं. आणि टोपली तुमच्या उशाशी ठेवली ती उजेड बरा होता म्हणून. आणि तुम्ही दोन दिवस उपाशी आहात हे गाईडनं सांगितलं होतं, ते मी ऐकलं होतं. होय, ऐकलं होतं! चारा मेंढ्यांना सकाळीच घातलेला होता. आता झालं समाधान? बाई कशी आहे कळलं? स्वतःच्या मुलीचं ताट परक्या माणसाच्या नाकाखाली ठेवून अंगणात जाऊन उभी राहते, आणि आत हाडं फुटायचा आवाज ऐकते. कुणाला बोलायचं नाही हे. तुम्ही जाल परवा तुमच्या टोमॅटोकडे, म्हणून बोलले.

हे काय, रुमालात काय बांधलंय? दाखवा. डोकं? डोकं नाही खाल्लंत? दात दिसत होते म्हणून! अरे देवा. सगळं खाल्लंत आणि डोकं ठेवलंत? साहेब, डोकंच तर मानाचं. आमच्या घरात बाकीचं कुणीही खाल्लं तरी ते नुसतं जेवण, डोकं खाल्लं तर वचन. म्हणजे अजून— दुसरं कुठाय? तेही आहे. दोन्ही आहेत.

खाऊन टाका. खा म्हणते ना, पुण्य लागेल! गाल आधी खायचा, मऊ असतो. दातांकडे बघू नका. म्हणजे मी म्हणेन, काय करू डॉन वॉशिंग्टन, आजारी पाहुण्यानं सगळं खाल्लं, पुढच्या खेपेला करते. पुढच्या खेपेला. मीही म्हणेन, तोही म्हणतोच की. खा, डोळे मिटून.

हॉर्न ऐकलात? आले. दोन वाजले पण! ती बघा, खिडकीतून, लाल स्वेटर, ती तामिया. शाळेतून घरी नाही आली, तशीच बसमागे धावतेय, दप्तर आपटतंय पाठीवर. दर बसमागे अशीच धावते. उतरणाऱ्या प्रत्येकाला म्हणते, फोटो दाखवा, बोटीचे दाखवा. ते कासवं दाखवतात. ही म्हणते, पुढे, पुढे. पडेल बघा एखाद दिवशी. परवा एक म्हातारी म्हणाली, संपले गं फोटो, तर ही तिथेच रस्त्यात बसली, जेवायलासुद्धा उठेना, मी मारलं तिला. हो, मारलं.

अहो, काय करताय? खरंच खाताय? थांबा! थांबा म्हणते ना, तोंडातून काढा! द्या इकडे. दोन्ही द्या. चुलीवर बटाटे आहेत अजून, पाच अंडी आहेत, दोन डोकी आहेत. पुरे तेवढं.

तोंड पुसा. हनुवटीला लागलंय. आणि त्याला एक शब्द बोललात तर बघा. निघा आता, बस आली तुमची.

या डॉन वॉशिंग्टन, या, आत या. बसा असे, चुलीजवळ बसा.