त्याची नाव, त्याचं नाव

चिटणीस : आत्या, तुम्ही आधी बसा तरी. पाणी मागवतो.

आत्या : बसायला नाही आले मी. उद्या स्मारकावरचा पडदा काढणार. शिळेवर तेवीस नावं आहेत आणि त्यात माझा भाऊ नाही. का नाही, तेवढं सांग.

चिटणीस : कमिटीनं ठरवलं ते...

आत्या : आणि कमिटीचा चिटणीस कोण, मी?

चिटणीस : तसं नाही हो. नदी ओलांडताना जे लढाईत पडले, त्यांचीच नावं घेतलीत. तुमच्या भावाबद्दल अहवालात वेगळं लिहिलंय.

आत्या : वाच.

चिटणीस : जाऊ द्या ना. साठ वर्षं झाली त्याला.

आत्या : साठ वर्षं बाजारात ऐकतेय, पळपुट्याची बहीण म्हणून. आज कागदावरचं ऐकते. वाच म्हणते ना!

चिटणीस : "पलीकडचा काठ पाहण्यासाठी पहाटे निघालो. नावेत नावाडी व मी, दोघेच. मध्यावर नावाडी घाबरला व नाव फिरवून पळू लागला. पळताना पाठीत गोळी लागून मेला." खाली कप्तानसाहेबांची सही.

आत्या : मेला. वारला असंही लिहवलं नाही त्याला. आणि त्याची नाव मात्र रंग फासून चौथऱ्यावर चढवलीत. त्याची नाव चालते तुम्हाला, त्याचं नाव चालत नाही.

चिटणीस : मी तरी काय करू? गोळी पाठीत होती, हे तर खोटं नाही ना? तुम्ही पाहिलंत.

आत्या : पाहिलं? तेरा वर्षांची होते, मीच धुतलं त्याला. दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये होती. लुकड्या, तू शाळेत कसा जायचास?

चिटणीस : हे काय मधेच? आणि लुकड्या नका म्हणू, बाहेर कारकून बसलेत.

आत्या : ऐकू देत. आता खुर्ची भरून उरतोयस म्हणून काय झालं? सात वर्षं माझ्या नावेतून गेलास. कुठे बसायचास?

चिटणीस : मागे. तुमच्यासमोर.

आत्या : आणि वल्ही मारताना मी कुठे बघायचे?

चिटणीस : माझ्याकडे, डोळे वटारून. पाण्यात हात घातला की खेकसायचात.

आत्या : शाळा कुठे होती?

चिटणीस : पलीकडच्या काठाला.

आत्या : मग शाळेकडे माझं काय असायचं?

चिटणीस : पाठ.

आत्या : हां. वल्हवणारा जिकडे जातो, तिकडे त्याची पाठ असते. शत्रू होता पलीकडे. माझा भाऊ पळत असता, तर तोंड शत्रूकडे असतं त्याचं. गोळी छातीत लागली असती. ती लागली पाठीत. मग तेव्हा नाव कुठे चालली होती?

चिटणीस : आत्या...

आत्या : बोल की! गणितात पहिला यायचास ना?

चिटणीस : पलीकडे. शत्रूकडे चालली होती.

आत्या : मग परत कशी आली? मेलेल्या माणसानं वल्हवली? दोघंच होते म्हणून तूच वाचलंस आत्ता. मागे, तू बसायचास त्या फळीवर, कोण होतं?

चिटणीस : जरा हळू बोला.

आत्या : माझ्या भावाच्या पाठीआड बसून जो वाचला, तो. मेलेल्याच्या हातातली वल्ही काढून घेतली, धक्क्यावर आला आणि म्हणाला, नावाडी पळत होता. मग त्याच नावेतून बाकीचे गेले, लढले, जिंकले. आणि शिळेच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात कोण?

चिटणीस : कप्तानसाहेब. आत्या, मला पटतंय. खरंच पटतंय. पण उद्याचे पाहुणे त्यांचेच चिरंजीव आहेत, शिळाही त्यांनीच दिली. भर सभेत त्यांच्या बापाला खोटं पाडू? पुढच्या वर्षी बघू. बाजूला एखादी छोटी पाटी...

आत्या : तुला पटलं नसतं ना, तर बरं झालं असतं. बिनडोक म्हणून सोडून दिलं असतं तुला.

चिटणीस : असं बोलू नका. उद्या या तुम्ही. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो.

आत्या : तुझी खुर्ची तुलाच राहू दे. पाहुणे फुलं वाहायला पलीकडे जाणार ना, नावेतून?

चिटणीस : हो, तुमच्या नातीच्याच. मोटारबोट शोभणार नाही, वल्ह्यांचीच हवी असं ठरलं.

आत्या : बरोबर कोण?

चिटणीस : कोणी नाही. फोटोवाले दुसऱ्या बोटीत. साहेब एकटेच बसतील.

आत्या : कुठे?

चिटणीस : मागे. तिच्यासमो... आत्या, तिला काही शिकवून ठेवलंत का?

आत्या : शिकवायचं काय त्यात? लहानपणापासून ऐकतेय, सगळं पाठ आहे तिला. येते मी. आणि घाम पूस तो, लुकड्या. तुला आत्ता खोलीबाहेर जाता येत होतं. नदीच्या मध्यावर उठून जाता येत नाही.