हौसा माघारी आली न्हाय

"आजी, तुमची हौसा शेवटी माघारी का आली ओ?"

शाहूपुरीच्या पोस्टातल्या रांगेत अनुजानं एका दमात विचारून टाकलं. मैत्रिणींनी पैज लावली होती आणि त्या दारात उभ्या राहून फिदीफिदी हसत होत्या. या आजींच्या कथांवरची मालिका दर शनिवारी टीव्हीवर लागायची, आठवड्याला एक गोष्ट; गेल्या शनिवारी हौसाची लागली होती.

"माझी हौसा कुठं आली? टीव्हीवाल्यांची आली."

"मग पुस्तकात?"

"गेली की! सासरच्या गोठ्यातली आपली म्हैस सोडली, संगं घेतली आणि गेली. मागं वळून बघितलंसुद्धा न्हाय."

मागच्या माणसाला राहवेना. "आक्का, टीव्हीवर नाव आलं, बास की! शेवट गोड केला तर बिघडलं काय?"

"पावणं, तुमच्या पोरीचं नाव लावून दुसरीच पोरगी घरात आणून बसवली, तर चालंल?"

पावणं खिडकीकडं बघायला लागलं.

"आता काय करणार, आजी?"

"हे पाकीट बघ. उरलेल्या सहा गोष्टी देत न्हाय, म्हणून कळवलंय."

"चिडतील की ते!"

"चिडूंदेत. तू का घाबरलीस गं?"

अनुजाच्या दप्तरातही एक चिठ्ठी होती. मुलगी आता मोठी झाली, तिचं नाव फुटबॉलच्या संघातून काढावं, असं पप्पांनी सरांना लिहिलं होतं. दिवसभर तिनं ती दिली नव्हती.

घरी पोचताच तिनं ती चिठ्ठी चहाच्या कपांशेजारी ठेवली.

"मम्मी, पप्पा, ही मी देणार न्हाय. रविवारी चारला मॅच हाय आणि गोलात मीच उभी राहणार. बघायला या, दोघंबी."