मुखरूभाऊचा फोटो

सत्तावन्न साली गडचिरोलीच्या मोटारस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोन बाया बोलत होत्या.

"रुखमाबाई, तुमच्या मालकाच्या, मुखरूभाऊच्या तेरवीले हार घालाले फोटो काऊन नव्हता?"

"मार्कंड्याच्या जत्रेत फोटोवाला मागंच लागला होता. आमचा बुढा म्हणे, कायले पाह्यजे? आपला पोरगा बडोद्याले चित्रकलेची बी.ए. करून राह्यला, तोच काढीन."

"मंग आता काढत नाई का?"

"शिकलेला हाय ना तो! माणूस समोर बसल्याबिगर काढत नाई म्हणे."

"सुट्टीत आला तवा बसवाचं होतं बापाले."

"बाप दिवसभर जाळं घेऊन तळ्यात. तो बसला असता तं बडोद्याची फी कोण भरन?"

"मंग सुट्टीत काढलं तरी काय त्यानं?"

"घरी बसून खाणारं एक मांजरच होतं. त्याचे चित्रं भिंतभर हायेत. तेरवीले त्यातलंच एक ठेवलं असतं, पण मांजर अजून जित्तं हाय ना!"