ह्यांच्या रांधण्याला माझी जीभ

माझा जल्म दांडीचा, बाई. तारापूरच्या अंगाची दांडी, समुद्राला लागून. बापूस होडीवर जायचा आणि आईस डोक्यावर पाटी घेऊन पार बोईसरपर्यंत मासे विकायची, मी तिच्या मागं मागं. माशाचा कल्ला उघडायचा, नाकाशी धरायचा, ताजा का शिळा ते सांगायचं, हे तिनं मला शिकवलं तेव्हा माझे दुधाचे दातपण पडले नव्हते. शाळा नाय, काय नाय. लिवताय ना तुमी? लिवा तसंच.

लगीन झालं ते बोटीवरच्या माणसाशी. फ्रेंच लोकांची बोट, तिच्यावर आमचे हे पयले भांडी घासायला, मंग कांदे चिरायला, मंग रांधायला. अकरा वर्षं. वर्षातनं एकदा घरी यायचे आणि आले की चुलीशी बसायचे. सासूबाय म्हणायची, अरे बायकांच्या कामात काय घुसतोस, तर नुसते हसायचे.

मंग इथं तो अणूचा विजेचा कारखाना बांधायला घेतला आणि गोरे साहेब आले, त्यांच्या मडमा आल्या. हे तेव्हा घरी होते. म्हणाले, बोट सोडतो, आपण खानावळ काढू, फ्रेंच. सासूबाय म्हणाली, फ्रेंच म्हंजे काय असतं रे? म्हणाले, लोणी असतं, आये.

कारखान्याच्या रस्त्याला दोन खोल्या घेतल्या, चार टेबलं टाकली. सासूबाय भाजी निवडायला, मी मासे आणायला, साफ करायला, वाढायला, आणि हे रांधायला. त्या लोकांना रांधण्यात वाइन लागते, ती दारूबंदीत आणायची कुठून, म्हणून हे ताडी आंबवून केलेला शिरका घालायचे. काय सांगू तुम्हाला, कसली कसली माणसं आली. एक साहेब ताट सरकवून म्हणाला, हे फ्रेंच नाय, हे माशाचं पाणी हाय. दुसरा रोज यायचा पण रोज अंडीच खायचा, भीतीनं. आमच्या दांडीची माणसं एकदा कौतुकानं आली, जेवली, आणि जाताना माझ्या भावानं हळूच विचारलं, ताय, मिरची संपली होती का गं?

पण एक मडम होती. नवरा अमेरिकन, ती स्वतः फ्रान्सची. दारावरची फ्रेंच खानावळीची पाटी वाचून आत आली, ह्यांनी कांद्याचं सूप दिलं, वर भाजलेला पाव. दोन घास खाल्ले आणि ती रडायलाच लागली. मी घाबरले. हे तिच्याशी तिच्या भाषेत बोलले आणि मला म्हणाले, अगं, तिच्या आईची आठवण आली तिला. त्या दिवशी हे रांधताना गात होते, बाई. त्या दिवसापासून ती दर रविवारी यायची.

दुसऱ्या वर्षी ह्यांना विषमज्वर झाला. एकवीस दिवस अंथरुणाला. उठले, कामाला लागले, आणि एका सकाळी मी मासे घेऊन येतेय तर कांदा करपून घरभर धूर, आणि हे तिथंच उभे, हातात पळी. म्हटलं, अहो, करपतंय. तर म्हणाले, कुठं?

नाक गेलं होतं, जीभ गेली होती. तापानं नेली. मीठ नाय, आंबट नाय, काय नाय. डॉक्टर म्हणाला येईल हळूहळू. नाय आली.

मंग मी चाखायचे. हे सांगायचे, बघ, पयला कांदा गोड लागला पायजे, मंग शिरक्याचा चिमटा, मंग लोणी जिभेवर बसलं पायजे. मी डोळे मिटून चाखायचे आणि सांगायचे, अजून नाय, अजून नाय, हां आता. ज्या बाईनं उभ्या जल्मात सुक्या बोंबलाचं कालवण खाल्लं, ती फ्रेंच चव ठरवायची. आमी कोणाला सांगितलं नाय. सासूबायलापण नाय. वर्ष काढलं असं.

त्या मे महिन्यात मडमेच्या नवऱ्याचं इथलं काम संपलं. जायच्या आदल्या रविवारी तिनं दुपारचं जेवण सांगितलं, आठ माणसं. आणि शनिवारी सकाळी भाऊ आला, आईस जाते म्हणाला, चल. मी म्हटलं, उद्या दुपारनंतर येते. ह्यांनी मला दटावलं. म्हणाले, आईस एकच असते, जा, माझ्या आयेलापण सोबत ने, मी निभावतो.

मी गेले. रविवारी सकाळी आईस माझ्या मांडीवर गेली. आणि इथं ह्यांनी पहाटेच सुरमई घेतली, पण पालघरवरून बर्फाची गाडी आलीच नाय. मेची उष्णता. दुपारपर्यंत मासा गेला होता. ह्यांना कळणार कसं? डोळ्यांना तर ठीकच दिसत होता. लोण्यात तळला, लिंबू पिळला, वाढला.

मडम ताट घेऊन आत आली. ह्यांच्या नाकाशी धरलं, म्हणाली, वास घे. ह्यांनी घेतला. म्हणाले, छान हाय. ती बघतच राह्यली. मंग बाहेर जाऊन तिनं सगळ्यांना सांगितलं की माझंच पोट बिघडलंय, चला. पण एका साहेबानं तोवर खाल्लं होतं, तो गाडीत ओकला, आणि ते साहेबांच्या सगळ्या वसाहतीत पसरलं.

आईसचं दिवसकार्य व्हायचं होतं, तरी मी तिसऱ्या दिवशी धावत आले. मडम आली होती, जायच्या तयारीत. ह्यांच्याशी काय काय बोलली. म्हटलं, काय म्हणते? हे म्हणाले, नाक गेल्याचं सगळं सांगितलं मी तिला, विचारते की वर्षभर मी खाल्लं ते सूप मंग कोणी चाखलं? आणि ह्यांनी माझ्याकडं बोट केलं. तिनं माझे दोन्ही हात धरले, माझ्या गालांचा मुका घेतला, आणि आमी दोघी रडलो, तिचं मला कळत नाय, माझं तिला कळत नाय.

ती गेली तशी कोणी आलंच नाय. महिनाभर हे टेबलं पुसून बसायचे. मी म्हटलं, मी आता कुठं जात नाय, मी चाखते, तुमी सांगा, परत सुरू करू. तर म्हणाले, काय सांगू? आता मला आठवतपण नाय गं कसं लागायचं ते.

त्याच आठवड्यात त्यांनी खोल्या सोडल्या.

दोन पावसाळे झाले. हे सिमेंटच्या गोदामात कामाला जातात, मी आईसची पाटी उचलली, बोईसरला बसते. मी कोणाला दोष देत नाय. ती मडम जिथं असेल तिथं सुखात असो, तिच्या पोराबाळांना ताटात गरम मिळो. कधी वाटतं, एक दिवस थांबले असते तर. मंग आईसचं तोंड आठवतं, आणि वाटतं, कशी थांबले असते?

उठू नका, भात टाकलाय, जेवून जा. देव तुमचं भलं करो, तुमी बसून ऐकलंत. हे येतीलच आता कामावरून. त्यांच्यासमोर ह्यातलं काय काढू नका.